९ महिन्यांच्या बाळाला सर्वायव्हल स्विमिंग शिकवावं का? नागपुरात कोणी शिकवतं का?

९ महिन्यांच्या बाळाला पाण्यात न्या, खेळवा, पण ते पोहायला शिकलं असं कधीच समजू नका. खरं तर उत्तर इथेच संपतं. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या सासूबाई म्हणतात "लेकराला पाण्याची भीती राहिलेलीच बरी", आणि हे वाक्य मी आमच्या घरी इतक्यांदा ऐकलंय की लिहिल्याशिवाय राहवेना.

सर्वायव्हल स्विमिंग म्हणजे पाण्यात पडलं तर जीव वाचवण्यापुरतं पोहणं, त्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांचं आधी सांगते. बाळ कपड्यांसकट पाण्यात पडतं, पाठीवर वळतं आणि तरंगत राहतं, ती अमेरिकेतली पद्धत आहे, हार्वे बार्नेट यांनी १९६६ मध्ये फ्लोरिडात सुरू केलेली, इन्फंट स्विमिंग रिसोर्स नाव आहे. दिवसाला १० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, कोचजवळ एका वेळी एकच मूल. वर्षाच्या आतल्या बाळाला फक्त पाठीवर वळून तरंगणं आणि चालणाऱ्या मुलाला थोडं पोहणं, दमलं की पाठीवर येऊन श्वास घेणं, परत पोहणं, भिंत हाताला लागेपर्यंत. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना मात्र सांगते की १ वर्षानंतर क्लास लावायला हरकत नाही, त्याआधी शिकवून बुडण्याचा धोका कमी होतो असा पुरावा नाही. मला हे पटतं. तान्हं बाळ पाण्याखाली श्वास रोखतं ते रिफ्लेक्समुळे, काही महिन्यांत तो जातो, त्यात शिकलेलं काही नसतं.

आता आमच्या घरचं. मी शाळेपासून पोहते त्यामुळे मुलगी दीड वर्षाची झाली तेव्हापासून मी तिला पाण्याची सवय लावली, आणि तेव्हापासूनच घरात दोन पार्ट्या पडल्या. सासूबाईंचं म्हणणं भीती राहू दे, जवळच जाणार नाही तर बुडेल कशाला. आणि भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, म्हणायचे हे क्लासबिस सगळे पैशाचे धंदे आहेत, आम्हाला नरखेडला संत्र्याच्या बगिच्यातल्या विहिरीत ढकललं होतं, आलं की नाही पोहायला! त्यांच्या पोराला ते दंडाला हवेचे फुगे घालून पूलमध्ये सोडायचे आणि सांगायचे, बघ कसा पोहून राहिला.

मे महिन्यात त्याच पुतण्याचा वाढदिवस काटोल रोडकडच्या एका फार्महाऊसवर ठेवला. छोटा पूल, मोठ्यांच्या छातीएवढं पाणी, आजूबाजूला ना जाळी ना गेट, आणि काठावरच खुर्च्या टाकलेल्या. ऊन उतरल्यावर पोरांना पाण्याबाहेर काढलं, कपडे बदलले, केक कापला. घरातली एकूण एक मोठी माणसं तिथे हजर होती. मी काठावरच्या टेबलापाशी आलूबोंड्याच्या प्लेटा भरत होती आणि सगळ्यांना वाटत होतं की पोरांकडे कोणीतरी बघून राहिलं आहे. माझी मुलगी तेव्हा ४ वर्षांची, घेरदार फ्रॉक घातलेली, फुग्याच्या मागे पळत गेली आणि काठावरून आत. आवाज काही झाला नाही. स्पीकर सुरू होता म्हणून नाही, आवाज होतच नाही. बुडणारं मूल ओरडत नाही कारण ओरडायला आधी श्वास लागतो, हात वर करून हलवत पण नाही, ते सिनेमात. मी पाण्याकडे तोंड करून उभी होती म्हणून मला दिसलं. प्लेट टाकून धावली तोवर ती वर आली होती, पाठीवर, तोंड आभाळाकडे, फ्रॉक सगळा फुगून वर आलेला, एक मोठा श्वास घेतला, मग पालथी झाली, पाय मारत भिंतीशी आली आणि काठ धरला. मी काठाशी पोचली तेव्हा ती खोकत होती आणि मला म्हणाली, आई, फुगा राहिला.

मी तिला उचललं, टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि तिथेच रडली. आणि मागून सासूबाई, "पाहा, भीती घालवली म्हणून पडली ना!"

त्यांच्याविषयी मला आदर आहे, माझ्या बाळंतपणात त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही, पण या बाबतीत त्या चूक आहेत. ४ वर्षांचं पोर फुग्यामागे पळताना त्याला भीती आठवत नाही. पाय घसरायला भीती लागत नाही आणि धाडसही लागत नाही. आणि घाबरलेलं मूल पाण्यात पडलं की उभंच्या उभं राहून हातपाय झाडतं, मान मागे टाकत नाही, तोंड पाण्याखाली जातं. दंडाला फुगे घातलेल्या पोरांचं तेच, फुगे त्यांना उभंच धरून ठेवतात, तीच सवय लागते, आणि आपल्याला तरंगता येतं असा त्यांचा समज होतो. त्या दिवशी पुतण्या पडला असता तर? तो ६ वर्षांचा होता आणि तोपर्यंत त्याने एकदाही तोंड पाण्यात घातलं नव्हतं. हे मी भासऱ्यांना तिथेच विचारलं, मोठे आहेत तरी विचारलं. त्यांच्या विहिरीचं पण सांगते. पाठीला डबा बांधून, कंबरेला दोर बांधून सोडायचे आणि दोराचं दुसरं टोक काका धरून बसायचे, हे माझ्या चुलतसासऱ्यांनीच मला सांगितलं आहे. म्हणजे ढकललं एवढंच लक्षात राहिलं आणि दोर धरणारा माणूस विसरून गेले. ढकलल्याने पोरं शिकत नाहीत. काही वाचतात, आणि जे वाचत नाहीत ते किस्से सांगायला येत नाहीत.

मी कसं शिकवलं ते थोडक्यात. अंघोळीला डोक्यावरून तांब्या ओतायच्या आधी दरवेळी "एक, दोन, तीन", म्हणजे तोंड मिटायची सवय होते. टबमध्ये माझ्या हातावर डोकं ठेवून कान पाण्यात बुडवून पडायचं. मग पूलमध्ये काठ धरून खेकड्यासारखं सरकत पायऱ्यांपर्यंत जायचं, मग काठावरून माझ्या हातात उडी आणि लगेच वळून परत काठ. हे वळणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पडलेल्या मुलाला भिंत मागेच असते. शेवटी कपड्यांवर, कारण पडतात तेव्हा कोणी स्विमसूट घालून पडत नाही. मूल घाबरून रडलं की त्या दिवशी तिथेच थांबायचं, परत परत बुडवायचं नाही, लहान पोरांच्या पोटात खूप पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम कमी होऊन फिट येऊ शकते, आणि अंगही लवकर गार पडतं.

तुमच्या ९ महिन्यांच्या बाळाला खरा धोका घरात आहे. बाथरूममधली भरलेली बादली, टब, अंगणातला ड्रम, टाक्याचं उघडं झाकण, आणि आपल्या नागपुरात मार्च ते जून घरोघरी कूलरची टाकी. या वयात डोकं जड असतं, बादलीत वाकलं की डोक्यावरच जातं आणि हाताने रेटून बाहेर येता येत नाही. बादली रिकामी करून पालथी ठेवा, बाथरूमला बाहेरून वर कडी लावा. बांगलादेशात खेड्यातली लहान मुलं घराजवळच्याच तळ्यात बुडायची, जास्त करून सकाळी आई कामात असताना, तिथे त्यांनी त्या वेळेपुरत्या बालवाड्या काढल्या आणि त्याने मुलं वाचली. जागतिक आरोग्य संघटनाही लहान पोरांसाठी आधी नजर आणि कुंपण सांगते, पोहणं ६ वर्षांनंतर. तर नजर म्हणजे एकच माणूस, नाव घेऊन ठरवलेला, हातात मोबाईल नाही. आमच्याकडे आता पाण्याजवळ गेलो की हे ठरतं, भासरे पण पाळतात.

नागपुरात कोण शिकवतं, तर ९ महिन्यांसाठी शोधत बसू नका. दीड-दोन वर्षांनंतर पूलवर जाऊन विचारा की पाण्यात आईला सोबत येऊ देता का, पाठीवर तरंगणं आधी शिकवता का, एका कोचकडे किती मुलं. "दोन दिवस रडेल मग होईल सवय" म्हणणारा कोच असेल तर उठून या.

आणि हो, १ ते ४ वर्षांच्या मुलांवरचा अमेरिकेतला २००९ चा एक अभ्यास आहे, त्यात क्लास केलेल्यांचा बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी दिसला. मी तो घरी सगळ्यांना दाखवला आहे, पण त्यात मुलं थोडी होती, त्या आकड्यावर विसंबून नजर काढू नका. माझी मुलगी आता चांगली पोहते तरी मी काठावरून हलत नाही. आणि पूलमध्ये पोहणारं पोर अंबाझरी, फुटाळा किंवा खदानीच्या पाण्यात पोहू शकत नाही, गाळ असतो, काठ निसरडा असतो, एकदम खोल होतं, हे मोठं झाल्यावर त्याला स्पष्ट सांगा.

एक राहिलंच. पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका, श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ लावायला सांगायचं. वर्षाच्या आतल्या बाळाची पद्धत वेगळी असते, ती वाचून येत नाही. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून सीपीआरचं, म्हणजे असा श्वास द्यायचं आणि छाती दाबायचं, ट्रेनिंग घ्या, आणि सासूबाईंनाही सोबत न्या, दिवसभर लेकरू त्यांच्याचजवळ असतं ना.