साइट चालू, पण सीएसएस गायब

प्रश्न : दादा, माझ्या काकांचा कळमन्यात संत्र्याचा धंदा आहे, त्यांच्यासाठी जँगोमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन) ऑर्डर घ्यायची साइट बनवली. माझ्या विंडोज लॅपटॉपवर एकदम झकास चालून राहिली. सर्व्हरवर उबुंटू (लिनक्स), गनिकॉर्न (जँगो चालवणारा) अन् इंजिनएक्स (ब्राउझरला फायली देणारा) टाकलं तर नुसतं पांढरं पान अन् काळी अक्षरं, ना फोटो ना बटणं. डिबग (चुका तपशिलानं दाखवायची सेटिंग) ट्रू करून पाहिलं, तरी तेच. आंबियाचा माल सुरू झाला, काका रोज विचारून राहिले. काय चुकून राहिलं? – एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, पहिले ते डिबग परत फॉल्स करा, एरर आली की तुमच्या कोडचे तुकडे अन् पाथ अख्ख्या जगाला दिसतात. अन् त्याचा फायदाही नाही. लॅपटॉपवर सीएसएस (पानाची सजावट सांगणारी फाइल) दिसत होतं ते रनसर्व्हर (जँगोचा सरावाचा सर्व्हर) गुपचूप वाढून देत होतं म्हणून, गनिकॉर्न ते काम करतच नाही, डिबग काहीही ठेवा.

आता सेटिंग्जला हात लावायच्या आधी साइटचं अ‍ॅडमिन पान उघडून पाहा. ते रंगीत दिसून राहिलं अन् तुमचंच पान बिनसजावटीचं असेल तर इंजिनएक्स ठीक आहे, तुमचं स्वतःचं स्टॅटिक फोल्डर (सीएसएस, फोटो असलेलं) स्टॅटिकफाइल्स_डिर्स या सेटिंगमध्ये लिहायचं राहिलं किंवा लिहिल्यावर कलेक्टस्टॅटिक (या सगळ्या फायली एका जागी जमा करणारी जँगोची कमांड) परत चालवलं नाही. दोन्ही पानं बिनसजावटीची असतील (मला हाच संशय आहे) तर एकतर कलेक्टस्टॅटिक कधी चाललंच नाही, नाहीतर इंजिनएक्स भलत्याच जागी शोधून राहिला. स्टॅटिक_रूटचं फोल्डर (कलेक्टस्टॅटिक जिथं फायली जमा करते ते, बहुतेक स्टॅटिकफाइल्स नावाचं) उघडून फायली आहेत का ते बघा, नसतील तर तिथंच थांबा, ते पहिले करा.

फायली आहेत तरी ४०४ (सापडत नाही)? मग /व्हार/लॉग/इंजिनएक्स/एरर.लॉग उघडा. लोक हे सोडून बाकी सगळं करतात, चार व्हिडिओ पाहतात, सर्व्हर पुसून नव्यानं टाकतात, अन् उत्तर त्या एका ओळीत लिहिलेलं असते. इंजिनएक्स नेमका कोणता पाथ उघडायला गेला तो पूर्ण तिथं दिसतो. त्यात स्टॅटिकफाइल्सच्या पुढं परत /स्टॅटिक/ आलं असेल तर तुम्ही इंजिनएक्सच्या कॉन्फिग फाइलमधल्या लोकेशन ब्लॉकमध्ये रूट लिहिलं आहे. रूट लिहिलं की इंजिनएक्स अख्खी यूआरएल त्या पाथला मागून जोडतो, एलियस लिहिलं की /स्टॅटिक/ एवढा भाग काढून त्या जागी तुमचा पाथ ठेवतो. तुम्हाला एलियस पाहिजे. अन् लोकेशनच्या शेवटी स्लॅश आहे तर एलियसच्या शेवटीही द्या, नाहीतर फोल्डरचं नाव अन् सीएसएस एकमेकाला चिकटून 'स्टॅटिकफाइल्ससीएसएस' असं काहीतरी अचाट तयार होते. बदल केला की इंजिनएक्स -टी नं तपासा, मग रीलोड.

त्याच ओळीत पुढं कंसात आकडा असतो तोही पाहा. २ म्हणजे फाइल सापडली नाही, १३ म्हणजे सापडली पण वाचायची परवानगी नाही, अन् ब्राउझरला ४०३ (मनाई) दिसते. उबुंटू २१.०४ पासून होम फोल्डर ७५० परवानगीनं बनते, इंजिनएक्स चालतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या युजरनं, त्याला तुमच्या घरात पाय ठेवता येत नाही. लोक लगेच ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारतात, ते नका करू बाप्पा! स्टॅटिक_रूट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू खाली हलवा, एलियसमध्ये नवा पाथ लिहा अन् कलेक्टस्टॅटिक परत चालवा.

सीएसएस आलं तरी एखादा संत्र्याचा फोटो दिसणार नाही, कारण विंडोजला 'संत्रा.जेपीजी' मधलं जेपीजी कॅपिटल का स्मॉल याचं काही घेणंदेणं नसते, लिनक्सला असते. नावं सगळी स्मॉलमध्ये करून टाका.

प्रश्न : सीएसएस बदललं, सर्व्हरवर टाकलं, मला नवीन दिसते पण गिऱ्हाइकांच्या मोबाइलवर जुनंच. प्रत्येकाला कॅशे साफ करा म्हणून फोन करू का? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नका करू, अर्धे लोक फोन फॉरमॅट करून बसतील. जँगोमधलं मॅनिफेस्टस्टॅटिकफाइल्सस्टोरेज लावा, ते फाइलच्या नावात मजकुरावरून काढलेला हॅश (अक्षर-आकड्यांचा ठसा) घालते, मजकूर बदलला की नावच बदलते, मग मोबाइलला नवी फाइल आणावीच लागते. जँगो ४.२ पासून हे स्टोरेजेस या सेटिंगमध्ये लिहायचं असते, ५.१ मध्ये जुनी पद्धत काढूनच टाकली. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) पाथ हातानं लिहिला असेल तर उपयोग नाही, जँगोचा स्टॅटिक टॅगच पाहिजे. अन् टॅगमध्ये अस्तित्वातच नसलेल्या फाइलचं नाव राहिलं असेल तर आता नुसता फोटो गायब होणार नाही, अख्खं पान ५०० (सर्व्हर एरर) देईल, अन् डिबग ट्रू असलेल्या लॅपटॉपवर ते कळणारही नाही. कलेक्टस्टॅटिक झालं की गनिकॉर्न रीस्टार्ट करा, तो फाइलच्या नावांची जुनीच यादी डोक्यात घेऊन बसलेला असतो.