मोठी संख्या मूळ आहे का, हे तपासताना आधी काय बघाल?

तपासायला तुम्ही ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या निवडलीत, उत्तम! सुरुवातीला एवढंच करा:

- अंकांची बेरीज घ्या. इथे ५९ येते, म्हणजे ३ ने भाग जात नाही, ९ ने तर नाहीच.
- पुढे ७, ११, १३ अशा मूळ संख्यांनीच भागत चला, तेही वर्गमुळापर्यंत. इथे ६५,५३६ च्या पुढे जायचं कारण नाही.

नवखे हमखास चुकतात ते घाईत. दहा-वीस भागाकारांत बाकी उरली की संख्या मूळ ठरवून मोकळे होतात. फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही ही मूळच वाटली होती. स्विस गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ हा विभाजक दाखवला. दुसरा विभाजक ६७,००,४१७, तोही मूळच आहे.

आठ अंकी कॅल्क्युलेटरवर ही संख्या मावणार नाही, तेव्हा कागदच घ्या. ६४१ पर्यंत स्वतः पोहोचा, खूप आनंद होईल. बरेचसे भागाकार कसे वाचवायचे, ते त्यानंतर सांगतो.