गाडीचा हिशेब चुकलाय, पण पेन्शनचा त्याहून जास्त

डर्बीहून एका वाचकांनी लिहिलंय. वय ३९, पगार वर्षाला ४८,००० पौंड. जुनी माझदा एमएक्स-५ घेऊन, तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन वापरून घरच्या गॅरेजात दोन सीटची किट कार (विकत आणलेल्या चौकट-बॉडीच्या संचातून स्वतः जोडलेली गाडी) बांधायची आहे. बजेट ८,००० पौंड: डोनर, म्हणजे जिचे भाग काढायचे ती माझदा, १,२००, किट ४,२००, चाचणी आणि नोंदणी ६००, किरकोळ २,०००. पैसे कुठून? ९,००० च्या बचतीतून २,००० आणि पुढचे १८ महिने दरमहा ३५०. हे ३५० उरावेत म्हणून एप्रिलपासून त्यांनी कंपनीची पेन्शन थांबवली आहे. भारतातल्या विमा पॉलिसीचा दीड लाखाचा वार्षिक हप्ता मात्र चालू आहे, 'कारण ती करमुक्त आहे आणि मोडू नका असं एजंट म्हणतात'. गाडी पुढे १३,००० ला विकून नफा गृहकर्जात भरायचा आहे. त्यांचा प्रश्न एवढाच, की ८,००० पुरतील, की २,००० चं कर्ज आधीच काढून ठेवावं?

पुरणार नाहीत, आणि कर्जही काढू नका. गाडीचं पुढे सविस्तर लिहितो. आधी पेन्शन, कारण प्रत्येक महिन्याला तिथे तुमचं नुकसान चाललंय आणि पत्रात त्यावर एकच ओळ आहे.

तुमच्या पगारातून ६ टक्के, म्हणजे महिना २४०, सॅलरी सॅक्रिफाइसने, म्हणजे कर कापण्याआधीच, पेन्शनमध्ये जात होते. कंपनी तेवढेच घालत होती. म्हणजे महिन्याला ४८० जमा होत होते. ते थांबवल्यावर तुमच्या हातात २४० आलेले नाहीत. त्यावर २० टक्के आयकर आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स कापला जातो, हातात पडतात १७३. एकशे त्र्याहत्तर पौंड मिळवण्यासाठी तुम्ही चारशे ऐंशी सोडताय. तीन महिने झाले, १,४४० गेले. त्यातला कंपनीचा अर्धा वाटा आता कुणी परत देणार नाही.

आणि हे १८ महिन्यांवर थांबणार नाही. गाडीचा खरा खर्च माझ्या हिशेबाने ११,४०० च्या घरात आहे. बचतीतले २,००० वजा केले तर उरतात ९,४००, आणि महिना ३५० ने त्याला २७ महिने लागतात. २७ महिने पेन्शन बंद म्हणजे १३,००० पौंड जमा न झालेले. वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर १८ वर्षांनी, तुमच्या ५७ व्या वर्षी, त्याचे ३०,००० च्या आसपास झाले असते. (पेन्शनला हात लावायचं किमान वय एप्रिल २०२८ पासून ५७ होतंय.) बदल्यात हातात आलेले एकूण ४,७००.

एक गोष्ट आजच तपासा. अनेक कंपन्यांत नोकरीत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला मिळणारी रक्कम पेन्शन योजनेच्या सभासदत्वाला जोडलेली असते. तुम्ही बाहेर पडलात तेव्हा तेही कवच गेलं असेल, तर १,९०,००० च्या गृहकर्जामागे सध्या काय उभं आहे? एचआरला एकाच मेलमध्ये दोन्ही विचारा: पुन्हा सभासद कधीपासून होता येईल, आणि मृत्यूलाभ चालू आहे का. पेन्शनमध्ये परत येण्याची विनंती कंपनीला बारा महिन्यांतून एकदा तरी मान्य करावीच लागते. लाभ बंद झाला असेल तर तो पुन्हा सुरू होईपर्यंत इथला साधा टर्म विमा घ्या, तुमच्या वयाला तो महाग नाही.

आता पॉलिसी. ही तुम्हाला विकली त्या पद्धतीचा मला संताप येतो. दीड लाखाचे दहा हप्ते, चार भरून झाले, २०३७ ला साधारण २६ लाख मिळणार. पंधरा लाखांचे सव्वीस लाख ऐकायला छान वाटतं, पण परतावा काढला तर वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपास, तोही रुपयांत. तुमचा खर्च पौंडांत आहे. २०१५ साली पौंड सरासरी शंभर रुपयांच्या आत होता, २०२५ मध्ये तो ११५ च्या आसपास आला. म्हणजे वर्षाला दीडेक टक्का तिथेच जातो.

'करमुक्त' हा शब्द तर तुमच्या बाबतीत चुकीचाच आहे. पॉलिसीच्या रकमेला सूट मिळते ती भारतातल्या करातून. तुम्ही यूकेचे करनिवासी आहात, आणि परदेशी आयुर्विमा पॉलिसीवरचा नफा इथे उत्पन्न म्हणून करपात्र असतो, सेल्फ असेसमेंटमध्ये, म्हणजे इथल्या करविवरणपत्रात, दाखवावा लागतो. हप्त्याची वजावट भारतात करपात्र उत्पन्न असेल तर उपयोगाची, तुमचं तिथे काहीच नाही. राहिलं विमा कवच: १५ लाख, म्हणजे १३,००० पौंड. तुमच्या गृहकर्जाचा तो चौदावा हिस्साही नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाला हे तीन शब्द, करमुक्त, वजावट, विमा, एका दमात सांगून सही घेणं याला मी सल्ला म्हणत नाही.

तरीही घाईने मोडू नका. २०२२ च्या तुमच्या पॉलिसीत चौथ्या ते सातव्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या किमान निम्मे परत मिळतात, म्हणजे सहा लाखांतले तीन. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सरेंडर केली तर किती, आणि पुढचे हप्ते न भरता पेड-अप ठेवली तर २०३७ ला किती. समजा उत्तर तीन आणि नऊ लाख आलं. तीनाचे नऊ अकरा वर्षांत म्हणजे वर्षाला दहा टक्क्यांच्या वर, मग मोडायची कशाला? पेड-अप करून ठेवून द्या. सरेंडरचा आकडा पेड-अपच्या निम्म्याहून मोठा असेल तर मात्र मोडा. एजंटला विचारून नको, कंपनीलाच विचारा, आणि ऑक्टोबरच्या हप्त्याआधी.

तुम्ही म्हणाल, आता फक्त पुढचे सहा हप्ते धरले तर परतावा बरा दिसतो. दिसतो खरा, साडेसात टक्क्यांच्या आसपास. पण रुपयाची घसरण आणि इथला कर जाता साडेचार-पाच उरतात. पेन्शनमध्ये १७३ सोडले की पहिल्याच दिवशी ४८० उभे राहतात, तिथे ही तुलनाच संपते. तेव्हा चालू ठेवायचं ते बंद झालंय आणि बंद करायचं ते चालू आहे, एवढी अदलाबदल करा. हप्त्याचे महिना १०८ पौंड सुटतील, पेन्शनला १७३ लागतील, गाडीसाठी ३५० ऐवजी २८५ उरतील. ९,४०० ला २८५ ने भागलं की ३३ महिने. तुमच्या मार्गाने २७, या मार्गाने ३३. गाडी सहा महिने उशिरा रस्त्यावर येईल, बाकी काही बिघडत नाही.

आता ते ११,४०० कुठून आले ते बघा. तुम्ही जोडलेल्या कोटेशनमध्ये ४,२०० च्या पुढे बारीक अक्षरात 'व्हॅट वेगळा' लिहिलंय. तिथेच ८४० वाढले, किट ५,०४० चं झालं. त्यात सीट, बेल्ट, दिवे, आरसे, एक्झॉस्ट आणि टायर नाहीत. किटची जाहिरात सगळी चौकट आणि बॉडीबद्दल बोलते, ती गाडी चालायला आणि पास व्हायला जे लागतं ते 'किरकोळ'मध्ये जातं. सीट आणि बेल्ट ५००, ई-मार्क (युरोपीय मान्यतेची खूण) असलेले दिवे, मागचा फॉग लॅम्प आणि आरसे ३००, एक्झॉस्ट आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ४००, टायर ४००. डोनरचे टायर दिसायला चांगले असले तरी त्यांच्या बाजूवरचा चार आकडी कोड बघा, शेवटचे दोन आकडे उत्पादनाचं वर्ष सांगतात.

डोनरला १,५०० धरा, आणि चालू गाडीच घ्या. सिल (दारांखालचा पत्रा) गंजून एमओटीत, म्हणजे वार्षिक तपासणीत, नापास झालेली एमएक्स-५ तुमच्यासाठी उत्तम, कारण तो सांगाडा तुम्ही टाकूनच देणार आहात, गंज म्हणजे फक्त किंमत पाडायचं कारण. इंजिन गरम करून, चालवून, सगळे गिअर टाकून बघा, कॉम्प्रेशन मोजा. सुरुवातीच्या काळातलं १.६ इंजिन टाळा, त्याच्या क्रँकशाफ्टचं पुढचं टोक पुलीपाशी झिजून सैल होतं. हार्डटॉप, दारं, सीट, दिवे विकून ५०० तरी परत येतील, तुम्ही ते धरलेलेच नाहीत.

खरा वेळ आणि पैसा सस्पेन्शन खातं. या गाडीच्या चारही खालच्या विशबोनना (चाक सांगाड्याशी जोडणाऱ्या हातांना) दोन-दोन कॅम बोल्ट असतात, चाकांची अलाइनमेंट जुळवण्यासाठी. वीस-पंचवीस वर्षांत ते बुशच्या (सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव होतात. पाना लावला की बोल्ट फिरत नाही, रबर पिळवटतं. मग बुशच्या दोन्ही बाजूंनी पातं घालून बोल्ट कापायचा, उरलेला तुकडा नळीसकट प्रेसने बाहेर काढायचा. असे आठ. नवे बोल्ट, बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग आणि ब्रेक (मागच्या कॅलिपरची हँडब्रेकची यंत्रणा बहुतेक वेळा अडकलेली असते) मिळून ७५० लागतात. विशबोन बाहेर आलेच आहेत तर पावडर कोटिंग ३००. ब्रेक पाइप, होज, क्लिपा, रिव्हेट, तेलं ५००. इंजिन होइस्ट, स्टँड, टॉर्क रेंच ४००.

चाचणी आणि नोंदणीला ८०० ठेवा. आयव्हीएची (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीच्या सरकारी चाचणीची) फी ४५० च्या आसपास, फेरचाचणी ९०, पहिली नोंदणी ५५, बाकी नंबरप्लेट आणि ट्रेलरचं भाडं. फेरचाचणी होणार असं धरूनच चाला. पहिल्या फेरीत गाड्या अडकतात त्या छोट्या गोष्टींवर: बाहेरच्या ज्या कडेला हात लागू शकतो तिची गोलाई २.५ मिलिमीटरपेक्षा कमी, उघडा राहिलेला नट, वळणातून सोडल्यावर आपोआप सरळ न होणारं स्टिअरिंग. नटांच्या प्लास्टिक टोप्या आणि कडांची रबरपट्टी चाळीस-पन्नास पौंडांत होते, ती आधीच लावा.

ही सगळी बेरीज १०,४०० च्या आसपास जाते, वर दहा टक्के अडचणींसाठी. विक्रीचे १३,००० मात्र कागदावरून खोडा. घरी बांधलेल्या गाडीला घेणारा तुमच्या सुट्या भागांचेही पूर्ण पैसे देत नाही, तुमच्या शनिवार-रविवारचे तर नाहीच. मी ७,००० धरतो. अर्धवट सोडलेली गाडी याहून फार खाली जाते, म्हणून पैसे हातात नसताना पुढचा टप्पा उघडू नका. छंद म्हणून चार-साडेचार हजार खर्च परवडतो का, एवढंच स्वतःला विचारा. तुमच्या पगारात, पेन्शन चालू ठेवून, तीन वर्षांत तो परवडतो. जरूर बांधा.

क्रम असा ठेवा. बचतीतले २,००० आता डोनर आणि हत्यारांना, उरलेल्या ७,००० ना हात नाही, तो तुमचा तीन महिन्यांचा घरखर्च आहे. गाडी आली की सॉर्न, म्हणजे ती रस्त्यावर नाही असं, जाहीर करा. वायरिंग काढताना प्रत्येक प्लगला चिकटपट्टी लावून नाव लिहा, फोटो काढा. सगळ्या टप्प्यांचे फोटो आणि पावत्या जपा, गाडी स्वतः बांधल्याचा तोच पुरावा. डोनरचं व्ही५सी (नोंदणीपत्र) भंगारवाल्याला देऊन टाकू नका. इंजिन कोणत्या वर्षाचं आणि भाग कोणत्या गाडीचे, हे त्याशिवाय सिद्ध होत नाही, आणि मग डीव्हीएलए (वाहन नोंदणी खातं) क्यू नंबर, म्हणजे वय-ओळख अनिश्चित असलेल्या गाडीचा नंबर, देतं, ज्याने विक्रीची किंमत आणखी पडते.

पहिलं वर्ष सुटे भाग नीट करण्यातच जाईल. किटची ऑर्डर पूर्ण ५,०४० जमल्यावरच. आगाऊ रकमेचा काही भाग तरी क्रेडिट कार्डाने भरा आणि बिल आलं की लगेच फेडा. किट बनवणारे कारखाने छोटे असतात, ऑर्डर घेऊन बंद पडू शकतात. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खाली, वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर कार्ड कंपनीही तुमच्या पूर्ण रकमेला जबाबदार राहते, कार्डावर थोडेच भरले असले तरी. बँक ट्रान्सफरला हे संरक्षण नाही. विक्रेता कार्ड घेत नसेल तर आगाऊ रक्कम शक्य तितकी कमी ठेवा आणि बाकीचे पैसे किट ट्रेलरवर चढवताना द्या.