इफडेफ कुठे ठेवायचे?
एकच प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालवायचा असेल, तर बटणाच्या कोडमध्ये इफडेफ (#ifdef, म्हणजे सिस्टिमनुसार कोडचा तुकडा कंपाइल करायचा की नाही हे ठरवणारी सी++मधली ओळ) पेरू नकोस. ट्रे आयकॉन, नोटिफिकेशन अशा कामांसाठी एकच हेडर (फंक्शनांची नावं जाहीर करणारी फाइल) ठेव आणि विंडोज, मॅक, लिनक्ससाठी वेगळ्या सोर्स फाइली लिही. कोणती कंपाइल करायची ते सीमेकला (CMake, बिल्डची मांडणी करणारं टूल) ठरवू दे. पण आधी टूलकिट, म्हणजे विंडो-बटणं पुरवणारी लायब्ररी, तपास: सेटिंग्जच्या फोल्डरसाठी क्यूटी (Qt) या टूलकिटमध्ये क्यूस्टँडर्डपाथ्स (QStandardPaths) हा तयार क्लास आहे, तिथे स्वतःचा कोड नकोच.

सगळ्यात जास्त फसवतं ते वेलँड, म्हणजे लिनक्सवर विंडो दाखवणारी नवी व्यवस्था. तिथे साध्या विंडोला स्क्रीनवरची स्वतःची जागा ठरवता येत नाही, म्हणून एक्स-११ या जुन्या व्यवस्थेवर नीट चालणारा ‘मागच्या जागी उघड’ हा कोड तिथे निकामी होतो, तोही एरर न देता. लिनक्स एकच आहे असं धरूच नकोस. वेलँड आहे की एक्स-११, ही तपासणी कंपाइल करताना नाही, प्रोग्राम चालू असताना कर.

आणि प्रत्येक कमिटला (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाला) तिन्ही सिस्टिमवर बिल्ड चालव. तुझ्या मशीनवर कंपाइलच न होणाऱ्या फाइलीतली चूक तुला दिसणार नाही.