उथळ वाटीचा खुबा आणि आखूड पाय

प्रश्न : आईचं वय ५२. जन्मापासून डाव्या खुब्याची वाटी उथळ, मांडीच्या हाडाचा गोळा वर सरकलेला, पाय ५ सेंटीमीटर आखूड. खुबा बदलल्यावर पाय सारखे होतील? – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : अगदी सारखे होतीलच असं धरून चालू नका. कृत्रिम वाटी शक्यतो मूळ जागीच बसवतात. तिथे हाड कमी, म्हणून वाटी लहान, बऱ्याचदा ४० ते ४६ मिलिमीटरची. वाटीवरचं हाडाचं छत अपुरं पडलं तर कापलेल्या गोळ्याचाच तुकडा स्क्रूने जोडतात. खरी अडचण पुढे. वर सरकलेलं मांडीचं हाड खाली ओढताना सायटिक नस (कुल्ल्यामागून पायात जाणारी मोठी नस) ताणली जाते. पाय एका वेळी साधारण ४ सेंटीमीटरपेक्षा जास्त लांबवला की पाऊल लुळं पडायचा धोका वाढतो. म्हणून कधी मांडीच्या हाडाचा तुकडा काढून ते आखूड करतात. हा काप जुळायला काही महिने लागतात, तोवर वॉकर. मांडीच्या हाडाच्या आतली पोकळीही अरुंद, पिळलेली. सीटी स्कॅन पाहूनच या पोकळीत बसणारा कृत्रिम सांध्याचा दांडा निवडलेला बरा. बुटाची टाच मात्र लगेच वाढवू नका, तिरकी कंबर सरळ व्हायला वेळ लागतो. पाटावरची पंगत, उकिडवं बसणं बंद. कमोड शस्त्रक्रियेआधीच बसवून घ्या.