थोरली धाकट्याला आमच्याकडे देतच नाही

परदेशातून दत्तक घेतलेली मुलं घरी येऊन दोन-चार आठवडे झाले की पालकांचा मला समुपदेशनासाठी फोन येतो. शब्द निरनिराळे असले तरी गाऱ्हाणं बहुतेक एकच असतं: इतकं करतोय, तरी मुलं आमची होत नाहीत. अशाच एका जोडप्याची ही हकीकत. ओळख लागू नये इतपत तपशील बदलले आहेत.

त्यांनी सख्खे बहीण-भाऊ दत्तक घेतले होते. कागदोपत्री थोरली सहा वर्षांची, धाकटा अडीचचा. कागदोपत्री म्हणायचं, कारण अशा मुलांच्या जन्मतारखा कित्येकदा अंदाजानं घातलेल्या असतात. दोघंही एकाच संस्थेत वाढलेली. परदेशी दत्तकासंबंधीच्या १९९३च्या हेग करारानुसार मुलासाठी आधी त्याच्याच देशात कुटुंब शोधायचं असतं. त्यामुळे देशाबाहेर दत्तक जाणाऱ्यांत आता तान्ही बाळं कमी आणि थोडी मोठी मुलं, भावंडं, आजारपण असलेली मुलं जास्त दिसतात. म्हणजे येणारं मूल स्वतःचा एक भूतकाळ आणि स्वतःच्या सवयी घेऊनच येतं.

"मॅडम, थोरली त्याला आमच्याकडे देतच नाही," आई म्हणाल्या. भरवायचं तिनं, शूला न्यायचं तिनं, रात्री त्याच्या अंगावर हात टाकून झोपायचंही तिनंच. त्याला उचलायला गेल्या तर मनगटाला कडकडून चावली. व्रण अजून दिसत होता. "आणि मीटर बघायला आलेल्या माणसाच्या मात्र मांडीवर जाऊन बसली. हसत हसत!" चावण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं होतं.

बाबा वेगळ्याच धास्तीत होते. रुमानियाच्या अनाथालयांतून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या मुलांवर बालमानसोपचारतज्ज्ञ मायकल रटर यांनी वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासाबद्दल त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. सहा महिन्यांच्या आत घरी आलेली मुलं सावरली, उशिरा आलेल्यांच्या अडचणी टिकून राहिल्या, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं. "आमचा धाकटाच अडीच वर्षांचा आहे. म्हणजे उशीर झालाच ना?" मी त्यांना त्याच अभ्यासातली दुसरी बाजू सांगितली. ती अनाथालयं उपासमार आणि हेळसांडीच्या टोकाची होती, आणि तिथे सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्या मुलांमध्येही काही जण पुढे चांगलेच सावरले. गटाच्या सरासरीवरून एका मुलाचं भविष्य काढता येत नाही. रात्री जागून असं वाचन करू नका, असंही सांगितलं, पण ते कोणी ऐकत नाही.

मग त्यांना म्हटलं, आदल्या दिवशीची आंघोळ मला पहिल्यापासून सांगा. बाबांनी सांगितलं. थोरली आधी बादलीत हात घालते. मग तांब्याभर पाणी स्वतःच्या पायावर ओतते, थोडं थांबते आणि मगच भावाला पुढे घेते. डोक्यावर पाणी घालताना त्याच्या कपाळावर आडवा तळहात धरते, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. त्याचं झालं की त्याला दाराशी उभा करते, नजर त्याच्यावरच ठेवते आणि स्वतःच्या अंगावर दोन तांबे ओतून बाहेर येते.

आंघोळीची ही गोष्ट ऐकल्यावर मला त्या मुलीबद्दल फारशी काळजी उरली नाही. संस्थेत पाळ्या बदलतात, सांभाळणाऱ्या बायका येतात नि जातात. त्या सगळ्या ये-जा करणाऱ्या माणसांत भावासाठी कायमची अशी ती एकटीच होती. ती ड्यूटीवर होती आणि आई-बाबा तिला पहिल्याच आठवड्यात कामावरून काढायला निघाले होते. प्रेमानंच, पण तिला ते कसं कळणार? तिच्या हिशेबी हे दोघे नवीन भरती झालेले. त्यांना काम येतं की नाही, हे तिनं कुठे पाहिलं होतं?

तेव्हा मी सांगितलं, तिच्या हाताखाली काम करा. तिनं पाण्यात हात घातला की तुम्हीही घाला आणि "गरम?" म्हणून तिला विचारा. तिनं मान हलवली की पाणी तुम्ही ओता, साबण तिला लावू दे. भरवताना वाटी तुमच्या हातात, चमचा तिच्या. मग एखाद दिवशी चमचाही तुमच्याकडे येईल. पण मुख्य गोष्ट पुढेच आहे: तिचं स्वतःचं कोण करतं? तिचे केस कोण पुसतं, नखं कोण कापतं, तिला खरचटलं तर कोण बघतं? या प्रश्नावर दोघंही गप्प झाले. सगळी ओढाताण धाकट्यावरून चालली होती आणि सहा वर्षांची मुलगी दोन तांब्यांत आंघोळ उरकत होती. केस पुसायचं काम बाबांनी घेतलं. पहिल्या दिवशी ती पाठ ताठ करून बसली होती म्हणे.

पाहुण्यांच्या बाबतीत मी जरा कडक आहे. मुलं घरी आली की माणसं कौतुकानं येतात, खेळणी आणतात, पापे घेतात, फोटो काढतात. मुलाला काय दिसतं? पुन्हा तेच, अनोळखी माणसं आणि रोज नवे हात. कुणाच्याही मांडीवर बसणं हे या वयात संस्थेतून आलेल्या मुलांत पुष्कळदा दिसतं. तिथे जो हसून पुढे होतो त्याच्या वाट्याला लक्ष येतं, हे मूल अनुभवानं शिकलेलं असतं. त्यावरून तिला आईपेक्षा परका आवडतो असा अर्थ काढू नये. सुरुवातीचे काही महिने घास, आंघोळ, झोप आणि रडं या चार गोष्टी मोठ्यांपैकी फक्त आई-बाबांच्या हातून झाल्या पाहिजेत. आजी दुखावल्या. त्यांना म्हटलं, घरातली बाकीची सगळी कामं तुम्ही घ्या. त्यामुळे आई-बाबांचे हात मुलांसाठी मोकळे राहतील. कडेवर घेण्याची पाळी तुमचीही येणारच आहे.

उशीखाली पावाचे तुकडे सापडत होते आणि आई ते रोज टाकून देत होत्या. ते थांबवलं. पलंगाशेजारी एक डबा ठेवायचा, त्यात टिकाऊ खाऊ घालायचा आणि मुलांच्या डोळ्यांदेखत तो रोज भरायचा. कधीही उघडला तरी रिकामा दिसता कामा नये. यावरून रागवायचं नाही आणि हसायचंही नाही. साठवणं कमी व्हायला किती वेळ लागेल ते मुलावर सोडायचं.

दोघांसाठी दोन खोल्या सजवून ठेवल्या होत्या. ज्यांनी आजवर रात्री शेजारी दहा जणांचे श्वास ऐकले, त्यांना शांत, अंधारी, स्वतंत्र खोली म्हणजे शिक्षाच. त्यातून वेळेच्या फरकामुळे सुरुवातीला रात्रीचा दिवस झालेला. गाद्या आई-बाबांच्या खोलीत आल्या, एक मंद दिवा लागला आणि खोल्या खेळायला राहिल्या.

भावंडं आपसात त्यांच्या भाषेत कुजबुजतात, आम्हाला वगळतात, अशीही तक्रार होती. बोलू द्या, म्हटलं. ती भाषा नाहीतरी आश्चर्य वाटावं इतक्या लवकर जाते. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांमधून ओळखूही येईनात. तुम्हीच त्यांच्याकडून भूक, तहान, दुखतंय, भीती वाटते, थांब एवढे शब्द शिकून घ्या. बाबांचे उच्चार ऐकून थोरली पहिल्यांदा खळखळून हसली. हसताना तोंडावर हात धरायची तिची सवयही त्यांना तेव्हाच कळली.

डॉक्टरांकडे अजून कोणी गेलेलं नव्हतं, कारण मुलं 'धडधाकट' दिसत होती. तपासणी पहिल्या काही आठवड्यांतच करावी: रक्त, शौचातले जंत, कावीळ ब, क्षय, डोळे, कान, लसींच्या नोंदी. क्षयाच्या पहिल्या चाचणीत काही निघालं नाही तरी काही महिन्यांनी पुन्हा करतात. धाकट्याच्या कानात पाणी साठलेलं निघालं. हाक मारली तरी बघत नाही, ही तक्रार तिथेच संपली.

बाबा गाडी काढायला गेले तेव्हा आई हळूच म्हणाल्या, "मला तिच्याबद्दल काहीच वाटत नाही. इतकी वर्षं वाट पाहिली. आता कुणाला सांगू?" हे वाक्य मी अनेक पालकांकडून ऐकलं आहे आणि दर वेळी ते असं दार लोटून, दुसऱ्याच्या पाठीमागे सांगितलं जातं. बाळंतपणानंतर आई उदास झाली तर तिला निदान नाव देता येतं. दत्तक मूल घरी आल्यावर तसंच नैराश्य येऊ शकतं, पण 'तुम्हीच तर मागून घेतलंत' या भीतीनं तोंड बंद राहतं. मी त्यांना म्हटलं, ओढ वाटत नसेल तर वाटल्याचं नाटक करू नका. वेळेवर जेवायला द्या, ती रडली की जा, सांगितलेलं पाळा. मुलीला आज एवढं पुरतं. ओढ बहुतेक वेळा या कामांच्या मागून येते आणि दोन्ही पालकांना एकाच वेळी येईल असंही नाही. पण झोप उडाली, जेवण जाईना, सारखं रडू येतंय, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते डॉक्टरांना दाखवायचं. स्वतःला नको नको ते विचार येऊ लागले तर एक दिवसही थांबायचं नाही. रोज एक तास त्यांनी एकटीनं घराबाहेर जायचं, हे बाबांसमोर ठरवून घेतलं.

काही आठवड्यांनी धाकटा पडला आणि रडत बहिणीकडे धावला. तिनं गुडघा नीट पाहिला, त्याचा हात धरला आणि त्याला आईपुढे आणून उभं केलं. आईंनी फोनवर सांगताना तो गुडघा डावा होता, हेसुद्धा सांगितलं.

त्यानंतर लगेच थोरली 'बिघडली'. अंथरूण ओलं करू लागली, बुटाची नाडी बांधायला नकार देऊ लागली, भावाचं खेळणं हिसकावून किंचाळू लागली. दोघंही घाबरून आले. मला याचीच वाट होती. भावाचा भार थोडा उतरल्यावर तिच्या लहानपणाला जागा झाली होती. नाडी बांधून द्या, अंथरूण मुकाट्यानं बदला, खेळणं मात्र परत करायला लावा. शाळेची घाई नको, असं मी सुचवलं. नियमात बसत होतं, तेव्हा प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलला आणि सुरुवातीला अर्धाच दिवस पाठवायचं ठरलं.

"असं किती दिवस चालणार?" बाबांनी विचारलं. महिने जातील, मध्येच मागेही येईल, असं मी सांगितलं. चावणं थांबलं आहे. अनोळखी माणसांकडे जाणं कमी झालंय, पण गेलेलं नाही. त्यावर काम चालू आहे, आणि आई त्यांच्या वेगळ्या सत्रांना एकट्या येतात.