आवडत्या कलाकाराला पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकायला जाताना

इतकी वर्षं हेडफोनवर ऐकलेला आवाज आता समोर ऐकायला मिळणार, तेव्हा हरखून जाणं साहजिकच आहे. फक्त आधीचे एक-दोन दिवस त्याची रेकॉर्डिंग ऐकू नका. कान त्याच आवृत्तीला चिकटून बसतात, मग मंचावर गाण्याची लय जरा बदलली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. वय वाढलं की बरेच गायक पट्टी खाली आणतात, त्यात कमीपणा काही नाही. उलट खालच्या पट्टीत शब्द जास्त भिडतात, असं माझं मत.

तिकीट काढताना पहिल्या रांगेचा हट्ट सोडा. मुख्य स्पीकर बहुतेकदा मंचाच्या दोन्ही कडांना असतात. त्यामुळे अगदी पुढे मधोमध ड्रम धडधडतात आणि गाणं मात्र पुसट. साउंडवाल्याच्या टेबलाजवळची जागा मिळाली तर बघा. तो जे ऐकून आवाज जुळवतो, जवळपास तेच तुमच्या कानावर पडतं. चेहराच जवळून बघायचा असेल तर बसा की पुढे, पण मग आवाजाची तक्रार नको!

कार्यक्रम दणदणीत असणार असेल तर इअरप्लग न्याच. 100 डेसिबल इतक्या मोठ्या आवाजात कानांसाठी सुरक्षित वेळ साधारण 15 मिनिटांचीच धरतात. संगीतासाठीचे वेगळे इअरप्लग मिळतात, त्यांनी सूर फारसे बोथट होत नाहीत.

फोनवर एखादं गाणं टिपा, बाकी वेळ तो खिशात. आणि ज्या गाण्यासाठी गेलात तेच झालं नाही तर? होतं असं. आधीच्या कार्यक्रमांतल्या गाण्यांच्या याद्या चाळल्या तर अंदाज येतो. मी मात्र त्या मुद्दाम बघत नाही.